शिवाजी पार्क: 'माहीम पार्क'चं नाव कधी बदललं, आणि लाल धूळ का थांबत नाही?

चौकस_दादर: दोन शंका आहेत. या मैदानाला आधी 'माहीम पार्क' म्हणत, हे खरं का? आणि पावसाळा सरला की लाल धूळ पूर्वेकडच्या घरांत शिरते. रोज पाणी मारलं तर प्रश्न मिटायला हवा ना?

जुनी_वही: पहिल्या शंकेपुरतं. मैदान महापालिकेनं 1925 मध्ये खुलं केलं, ते माहीम पार्क या नावानं. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं 'शिवाजी पार्क' झालं. निमित्त महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीचं.

इथे बरेच जण अडखळतात: 1630 मध्ये 300 मिळवले तर 1930 येतं, मग 1927 कसं? कारण तेव्हा वैशाख शुद्ध 2, शके 1549, म्हणजे 1627 हीच तिथी रूढ होती. टिळकांनी 1916 मध्ये जेधे शकावली (जेधे घराण्याकडची, शिवकाळातल्या घटनांच्या तिथींची यादी) छापली, तिच्यात फाल्गुन वद्य 3, शके 1551, म्हणजे 1630 अशी नोंद होती. पण ती सर्वमान्य व्हायला पुढे बराच काळ गेला. पार्काचं नाव जुन्या तिथीच्या हिशेबानं पडलेलं आहे. भोवतालच्या बहुतेक जुन्या इमारती त्यानंतरच्या, 1930 आणि 40 च्या दशकांतल्या.

रोलर_आणि_माती: पाण्याचा हिशेब करून बघा. मैदान साधारण 28 एकर, म्हणजे 1,13,000 चौरस मीटर. त्यावर 1 मिमी पाणी शिंपडायचं तरी 1,13,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे 11 टँकर. सकाळी मारलेलं ते 1 मिमी डिसेंबरच्या उन्हात दुपारपर्यंत उडून जातं, आणि नेमकं तेव्हाच समुद्रावरचा पश्चिमेचा वारा सुटतो. म्हणून धूळ पूर्वेला.

मूळ दुखणं मातीचं. वरून टाकलेल्या तांबड्या मातीत बारीक गाळ फार. ओली असताना ती घट्ट बसते. वाळली की हजारो पायांखाली तिचं पीठ होतं. मांडवाच्या बांबूंचे खड्डे नुसते मातीनं भरून सोडले की पहिल्या पावसात खचतात. मग पुन्हा माती, पुन्हा धूळ.

रोलर फिरवायचा तो वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना. मूठभर माती दाबा: गोळा व्हायला हवा, आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटायला हवा. चिखल झाला असेल तर माती रोलरला चिकटून पापुद्रे निघतात. कोरडी असेल तर नुसती दळली जाते.

चौकस_दादर: मग सरळ गवतच लावून टाकलं तर?

हरळीप्रेमी: खरा उपाय तोच, पण मैदान मोकळं सोडावं लागतं आणि ते कुणालाच नको असतं. हरळी जूनच्या शेवटी लावावी, प्रत्येक काडीला दोन-तीन डोळे (जिथून कोंब फुटतो त्या गाठी), अंतर 10 ते 15 सेंमी. पाऊस नीट झाला तर आठ-दहा आठवड्यांत जमीन झाकते. खारा वारा तिला चालतो, सावली नाही. कट्ट्याजवळच्या झाडांखाली ती विरळच राहणार.

पुढचं कॅलेंडर बघा: क्रिकेट, दसरा मेळावा, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांचा मुक्काम, 26 जानेवारीचं संचलन. यातलं काहीच हलवता येत नाही. त्यामुळे सगळं मैदान एकदम हिरवं करण्याचा हट्ट सोडावा. चार पट्टे पाडून दर पावसाळ्यात एक पट्टा दोरी बांधून बंद ठेवला तर चौथ्या वर्षी फेरी पुरी होते.

रोलर_आणि_माती: पट्ट्यांचं पटतं. फक्त लागवडीआधी वरची सुटी माती खरवडून काढा, नाहीतर मुळं पिठातच राहतात आणि पहिल्याच स्पाइक बुटानं गवत उपटून येतं. खेळपट्ट्या वगळा, तिथली माती वेगळी असते.