अनुभव धागा: बर्फाची सवय नसलेल्या शहरात बर्फ पडला तर

जिथे दहा-वीस वर्षांत एखाद्या वेळी बर्फ पडतो तिथे ना बर्फ ढकलणारे ट्रक असतात, ना घरात फावडी, ना गाड्यांना हिवाळी टायर. हाताशी असलेल्या वस्तूंवर काय निभावतं आणि काय अंगाशी येतं, हे जाणकारांनी नेमकं लिहावं. फोटो नंतर!

*

आधी पाइप. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण पाइप बहुधा बर्फाच्या बोळ्यापाशी फुटत नाही. तो बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, दाब वाढतो आणि तिथे पाइप तडकतो. म्हणून टाकीपासून सर्वांत लांबचा नळ बारीक धारेनं चालू ठेवायचा. उबदार प्रदेशात पाइप बाहेरच्या भिंतीवरून उघडेच नेलेले असतात. पारा उणे ६-७ अंशांखाली काही तास राहिला की ते गोठायला लागतात. त्यांना जुनी गोधडी किंवा वर्तमानपत्राचे जाड थर गुंडाळा, वरून प्लास्टिक बांधा. प्लास्टिक विसरलात तर कापड भिजतं आणि सगळी मेहनत वाया.

पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून नळाकडून मागे मागे सरकत हेअर ड्रायरनं शेका. मेणबत्ती, स्टोव्ह, ब्लोटॉर्च काही लावू नका. मुख्य व्हॉल्व कुठे आहे आणि तो फिरतो का, हे आदल्या दिवशीच बघा. चीर गोठलेली असेपर्यंत गळत नाही. घर भिजतं ते वितळायला लागल्यावर.

*

रस्त्याचा नमुना म्हणजे अटलांटा, २८ जानेवारी २०१४. बर्फ जेमतेम अडीच इंच. पण भर दुपारी शाळा, कचेऱ्या एकदमच सुटल्या, मीठ टाकणारे ट्रक त्याच कोंडीत अडकले, टायरखाली बर्फ दाबला जाऊन त्याची काच झाली आणि हजारो लोकांची रात्र गाडीत गेली. निघायचं तर बर्फ सुरू व्हायच्या आधी, नाहीतर नाहीच.

गाडी काढावीच लागली तर दुसऱ्या गिअरमध्ये हलवा, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दहापट अंतर ठेवा. पुलावर जास्त सावध, कारण त्याला खालूनही वारा लागतो आणि तो रस्त्याआधी गोठतो.

*

मीठ साधं जाडंच चालतं, पण क्रम चुकतो. आधी बर्फ ढकलून काढायचा, मग उरलेल्या पातळ थरावर चौरस मीटरला अर्धी मूठ. ढिगावर पोतं रिकामं केलं तर मीठ खड्डे पाडत खाली जातं, बाकीचा ढीग तसाच. उणे ९-१० अंशांच्या खाली मीठ मंदावतं. तिथे वाळू बरी. ती वितळवत नाही, नुसती पकड देते. फावडं नसेल तर रुंद फळी दोन्ही हातांनी ढकला. उचलू नका, कंबर जाते.

पायरीवर गरम पाणी ओतायचा मोह सगळ्यांना होतो. तासाभरात तीच पायरी आरसा होते.

*

गरम पाण्याचं गाडीच्या काचेलाही लागू. काच तडकते. वायपर रात्रीच उभे करून ठेवावेत. छतावरचा बर्फ काढल्याशिवाय निघू नका, पहिल्याच ब्रेकला तो अख्खा पुढच्या काचेवर येतो. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरायची सवय असेल तर इंजिनचा ब्लॉक फुटू शकतो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ पर्यंत चिंता नाही. इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का बघा, नाहीतर धूर आत येतो.

*

चालायला बुटांवरून लोकरी मोजे चढवा. हसू नका, न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये उतारावर याची रीतसर चाचणी झाली आहे आणि घसरणं कमी झालं. पावलं लहान, हात खिशाबाहेर.

*

वजनाचा अंदाज बहुतेकांना नसतो. भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोपेक्षाही हलका असू शकतो. ओला ३०० च्या घरात जातो. म्हणजे दहा सेंटिमीटर ओला थर साचला तर चौरस मीटरला ३० किलो. पार्किंगवरचं हिरवं जाळीचं कापड आणि पातळ पत्र्याची शेड आधी बसते, तेव्हा गाड्या तिथून हलवा. सदाहरित झाडं पानांवर बर्फ धरतात. जानेवारी २०२१ मध्ये माद्रिदमध्ये त्यामुळेच झाडांची फार मोडतोड झाली. लहान फांदी खालून वर हळू उचलून झाडा. वरून बडवलं की मोडते.

*

वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत आणू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखून मळमळलं तर आधी बाहेर पडा, कारण नंतर शोधा.

*

दुपारी वितळलेलं पाणी ऊन उतरायच्या आत खराट्यानं नाल्याकडे लोटून द्या. गच्चीच्या पन्हळीचं तोंडही त्याच वेळी मोकळं करा, रात्री ते बर्फानं बुजलं की पाणी स्लॅबवर साचतं.