शाळेत फक्त 'लग्नापर्यंत थांबा' शिकवतात तेव्हा : तुमच्या घरचा अनुभव लिहा

धागाकर्ती, डॅलसजवळून

मुलगी आठवीत आहे. शाळेकडून ईमेल आली, की आरोग्य विषयात मानवी लैंगिकतेचा भाग सुरू होतोय, मुलीला वर्गात बसवायचं असेल तर संमतीपत्रावर सही करून पाठवा. सही नाही आली तर तेवढे तास ती ग्रंथालयात बसणार. टेक्सासमध्ये आधी उलट होतं, ज्यांना नको असेल त्यांनी कळवायचं. २०२१ च्या कायद्यानं लेखी संमती सक्तीची केली. इथल्या मराठी मैत्रिणींना विचारलं तर बऱ्याच जणींनी ती ईमेल उघडलीसुद्धा नव्हती, म्हणून हा धागा.

भारतातून आलेल्या आपल्यापैकी अनेकांची समजूत असते की अमेरिकेत शाळेत सगळं मोकळेपणानं शिकवतात. तसं नाहीये. १९९६ साली क्लिंटन यांनी सही केलेल्या कल्याण सुधारणा कायद्यात संयम-शिक्षणासाठी, म्हणजे लग्नापर्यंत थांबा हे शिकवण्यासाठी, दरवर्षी पाच कोटी डॉलर ठेवले गेले. केंद्राच्या ४ डॉलरमागे राज्यानं ३ डॉलर घालायचे. पैसे घ्यायचे तर काय शिकवायचं हे त्या कायद्यातच लिहिलं होतं : लग्नाच्या नात्यातला एकनिष्ठ संबंध हाच समाजाला अपेक्षित नियम, आणि लग्नाबाहेरच्या संबंधांचे मनावर व शरीरावर वाईट परिणाम होण्याची शक्यता. कॅलिफोर्नियानं हे पैसे कधीच घेतले नाहीत. टेक्सासचा स्वतःचा कायदाही सांगतो की अविवाहित विद्यार्थ्यांसाठी संयम हाच पसंतीचा पर्याय म्हणून शिकवावा आणि इतर कशाहीपेक्षा त्याला जास्त वेळ द्यावा. इथला आरोग्याचा अभ्यासक्रम १९९७ नंतर थेट २०२० मध्ये बदलला, आणि सातवी-आठवीत गर्भनिरोधकांची माहिती तेव्हा कुठे आली.

माझं मत आधीच सांगते. मुलांना थांबायला सांगणं मला मान्य आहे, घरी मीही तेच सांगते. पण त्यापुढची माहिती झाकून ठेवणं मला पटत नाही, आणि खोटी भीती घालणं तर मुळीच नाही. तुमचं मत वेगळं असेल तर तेही जरूर लिहा. शाळेत नेमकं काय शिकवलं, मूल घरी येऊन काय म्हणालं, तुम्ही काय उत्तर दिलंत, हे हवंय. शाळेचं आणि मुलांचं नाव कृपया लिहू नका.

ह्यूस्टनच्या बाहेर, दोन मुलींची आई

मोठीच्या वेळचं सांगते, आता ती कॉलेजात आहे. बाहेरच्या एका संस्थेची बाई वर्गात आली होती. तिनं पारदर्शक चिकटपट्टीचा एक तुकडा फाडला आणि पहिल्या मुलाच्या दंडावर चिकटवून ओढून काढला. मग तोच दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. पाचव्या-सहाव्या मुलापर्यंत पट्टीवर लव, धागे, मळ असं सगळं बसलं आणि ती चिकटेना. बाईंनी ती वर धरून दाखवली आणि म्हणाल्या, लग्नाआधी संबंध ठेवत गेलात की असं होतं, मग नवऱ्याशी किंवा बायकोशी नातं जुळत नाही.

मुलगी घरी आली, दप्तर टाकलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आई, कुणी जबरदस्ती केली असेल तर ती मुलगीपण तशीच होते का?" माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. वर्गात हे कुणी विचारलं का, म्हटलं. नाही म्हणाली, सगळे हसत होते.

नंतर मला कळलं की एलिझाबेथ स्मार्ट, जिचं २००२ मध्ये चौदाव्या वर्षी घरातून अपहरण झालं होतं, तिनं २०१३ मध्ये जाहीर भाषणात हेच सांगितलं होतं. तिला शाळेत चावलेल्या च्युइंगमचं उदाहरण दिलं होतं. अत्याचारानंतर तिला तेच आठवत राहिलं, की चावून टाकलेलं च्युइंगम आता कुणाला हवं असणार. ते वाचलं त्या रात्री मी मुलीच्या खोलीत जाऊन बसले. तुझी किंमत अशा कशानंही कमी होत नाही, एवढं एकच वाक्य मी तिला परत परत सांगितलं.

धाकटीच्या वेळी मी आधी साहित्य बघायला मागितलं.

सॅन अँटोनियो, मुलाचा बाबा

मी वेगळ्या बाजूचा आहे, तरी लिहितो. आमच्या मुलाच्या शाळेत भर संयमावरच होता आणि मला तो चांगला वाटला. चिकटपट्टी वगैरे काही नव्हतं. नाही कसं म्हणायचं, मित्र चिडवायला लागले तर काय बोलायचं, पार्टीतून बाहेर कसं पडायचं, फोनवर फोटो मागितला तर काय करायचं, याचा त्यांनी मुलांकडून सराव करून घेतला. माझ्या मुलाला याचा उपयोग झाला. पंधरा वर्षांच्या मुलाला त्या नात्याची जबाबदारी पेलत नाही असं मला मनापासून वाटतं. शाळेनं ते स्पष्ट सांगितलं तर त्यात मागासलेपण काय? इथे संमतीचं वय १७ आहे, हेही मुलांना तिथेच पहिल्यांदा कळलं.

आणि कंडोम शंभर टक्के सुरक्षित नाही हे सांगितलं तर लोक त्याला भीती घालणं म्हणतात. ते खरंच आहे ना?

नर्स, समाज आरोग्य केंद्र, टेक्सास

सॅन अँटोनियोच्या दादांना आधी उत्तर देते. शंभर टक्के सुरक्षित नाही, खरं आहे. पुरुषांचा कंडोम जसा प्रत्यक्षात लोक वापरतात तसा वापरला तर वर्षभरात १०० पैकी साधारण १३ स्त्रियांना दिवस जातात. दरवेळी आणि बरोबर वापरला तर २. काहीच वापरलं नाही तर सुमारे ८५. हे तिन्ही आकडे एकत्र सांगितले तर त्याला शिक्षण म्हणेन. एकच सांगायचा आणि बाकीचे गाळायचे, याला नाही.

२००४ मध्ये अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य हेन्री वॅक्समन यांच्या कार्यालयानं केंद्राच्या पैशावर चालणारे १३ संयम-अभ्यासक्रम तपासले. त्यातल्या ११ मध्ये चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती निघाली. एकात एचआयव्ही रोखण्यात कंडोम ३१ टक्के वेळा अपयशी ठरतो असं लिहिलं होतं. घाम आणि अश्रूंतून एचआयव्हीचा धोका असल्याचंही एका ठिकाणी होतं. मुलं हे वाचून काय निष्कर्ष काढतात माहितीये? उपयोगच नसेल तर वापरायचा कशाला.

हे मी अंदाजानं लिहीत नाही. कुणाची ओळख कळणार नाही इतपत सांगते. माझ्यासमोर बसलेल्या मुलींनी मला सांगितलंय, की पहिल्या वेळी दिवस जात नाहीत, उभं राहिलं तर जात नाहीत, लगेच आंघोळ केली तर जात नाहीत. यातल्या काही जणींचे वर्गात आरोग्याला उत्तम मार्क होते. एक मुलगी पोटात दुखतं म्हणून आली. तिला पाळी चुकलेली माहीत होती. पाळी चुकणं आणि गरोदरपण यांचा संबंध तिच्या डोक्यात जुळलेलाच नव्हता. सोबत आई होती. आई भारतीय नव्हती, पण तिचा चेहरा मला अगदी आपल्याकडचा वाटला.

टेक्सासमध्ये अल्पवयीन मुलीला गर्भनिरोधक गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन हवं तर पालकांची परवानगी लागते. केंद्राच्या अनुदानावरच्या दवाखान्यांत ती अट नव्हती, पण २०२४ मध्ये अपील न्यायालयानं तिथेही ती लागू ठरवली. म्हणजे शाळेत सांगत नाहीत, दवाखान्यात आम्ही एकटीला देऊ शकत नाही. उरतं घर. तिथे हा विषय निघतो का, ते आपलं आपण बघायचं.

सॅन अँटोनियो, मुलाचा बाबा

ताई, ३१ टक्क्यांचं मला माहीत नव्हतं. असं काही मुलाच्या शाळेत सांगितलंय का, हे त्याला विचारतो. मात्र एक मुद्दा नोंदवतो. सरकारनंच मॅथेमॅटिका या संस्थेकडून केलेला अभ्यास २००७ मध्ये आला, त्यात संयम-कार्यक्रमातल्या मुलांनी कंडोम कमी वापरला असं दिसलं नाही. म्हणजे नुकसान होतं असंही म्हणता येत नाही.

धागाकर्ती

बरोबर आहे, तसं दिसलं नाही. पण त्याच अभ्यासातला मुख्य निष्कर्षही सांगायला हवा. कार्यक्रमात असलेली आणि नसलेली, दोन्ही गटांत साधारण निम्मी मुलं थांबलेली होती. ज्यांनी संबंध ठेवले त्यांचं पहिल्या वेळचं सरासरी वय दोन्हीकडे १४.९ वर्षं. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खर्च, तीच झाली नाही. तुमच्या मुलानं शिकलेला नकाराचा सराव मला अतिशय मोलाचा वाटतो. तो आणि गर्भनिरोधकांची माहिती एकाच वर्गात का असू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

इथेच वाढलेली, आता नोकरी करते

माझं मराठी लिहिणं थोडं कच्चं आहे, समजून घ्या. नववीत मैत्रिणीबरोबर तिच्या चर्चच्या कार्यक्रमाला गेले होते आणि लग्नापर्यंत थांबेन अशा कार्डावर सही केली. सगळ्या मैत्रिणी करत होत्या. आईबाबांना सांगितलं नाही, कारण ते चर्चमुळे रागावतील की विषयामुळे ते कळेना.

कॉलेजात एक पेपर वाचला. २००९ मध्ये 'पीडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात आला होता. शपथ घेतलेली आणि न घेतलेली, पण बाकी सगळ्या बाबतीत सारखी अशा मुलांची तुलना होती. पाच वर्षांनी दोघांच्या वागण्यात फरक नव्हता, पण शपथ घेतलेले गर्भनिरोधक कमी वापरत होते. आणि ८२ टक्के जणांनी आपण अशी शपथ घेतलीच नव्हती असं सांगितलं. ते वाचून मला हायसं वाटलं. इतकी वर्षं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितेय.

एडिसन, न्यू जर्सी

आमच्याकडे दोन्ही शिकवतात, संयमावर भर आणि बाकीची माहितीही. आमच्या घरी काही वादळ आलं नाही.

बे एरिया, दोन मुलगे

कॅलिफोर्नियात २०१६ पासून कायद्यानं संपूर्ण लैंगिक शिक्षण आहे, मिडल स्कूलमध्ये एकदा आणि हायस्कूलमध्ये एकदा. नको असेल तर पालकांनी लेखी कळवायचं. सातवीतल्या मुलानं जेवताना सासूबाईंसमोर विचारलं, की आजी, तुला पाळी आली तेव्हा तुला आधी कुणी सांगितलं होतं का? माझा घास हातातच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "नाही रे बाळा. मला वाटलं मी मरतेय. विहिरीवर जाऊन रडले." मग त्या बाजूला बसायच्या ते सगळं त्यांनी त्याला सांगितलं. इतक्या वर्षांत हे मीही त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं.

निवृत्त शिक्षिका, बीड जिल्हा (सध्या मुलाकडे, न्यू जर्सी)

तुमचे अमेरिकेचे अनुभव वाचले. आपल्याकडेही हाच वाद झाला, म्हणून लिहिते. केंद्रानं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता, एड्सच्या काळजीपोटी. २००७ मध्ये त्यातल्या चित्रांवरून विधानसभेत गदारोळ झाला आणि महाराष्ट्रात बंदी आली. आमच्या शाळेत आलेला तक्त्यांचा संच सुतळीनं बांधून कपाटावर ठेवला गेला. पुढे २००९ मध्ये वेंकय्या नायडूंच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीनं सांगितलं की शाळेत लैंगिक शिक्षण नको, लग्नाआधी संबंध नकोत हाच संदेश मुलांना द्यावा. म्हणजे अमेरिकेतलंच.

आता आमच्या भागातलं सांगते. माझ्या नववीच्या वर्गात ऊसतोड कामगारांच्या मुली असायच्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते. शिवाय आईबाप सहा महिने कारखान्यावर जाणार, मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची. म्हणून टोळी निघायच्या आत तिचं लग्न उरकतात. दिवाळीनंतर बाकं रिकामी दिसायची. त्या पोरींना मी काय सांगायचं, लग्नापर्यंत थांब? लग्न तर पंधराव्या वर्षीच झालं. नियम पाळलाच की तिनं! पण पहिलं मूल लांबवता येतं, नको म्हणता येतं, अंगावरून जास्त जात असेल तर दाखवायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याला शंभर वर्षं होऊन गेली आणि आम्ही अजून दहावीचा प्रजननाचा धडा घरी वाचून या म्हणतो. मी म्हटलं नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवून, मुलामुलींना एकत्र बसवून शिकवला. गावातून दोघं-तिघं हेडमास्तरांकडे आले होते. सरांनी त्यांना चहा पाजला आणि पुस्तक हातात दिलं, हे सरकारनंच छापलंय, वाचून बघा म्हणाले.

ह्यूस्टनच्या बाहेर, दोन मुलींची आई

बाई, नमस्कार करते तुम्हाला.

ऑस्टिन, शाळा आरोग्य सल्लागार समितीवर होतो

टेक्सासवाल्यांसाठी. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) ही समिती असावीच लागते, तिच्यात बहुसंख्य पालक असतात, आणि वर्षातून किमान चार बैठका होतात. काय शिकवायचं याची शिफारस हीच समिती डिस्ट्रिक्टच्या बोर्डाला करते. मी होतो तेव्हा प्रेक्षकांत मोजकी माणसं असायची आणि त्यात आपलं कुणी नसायचं. गणित आणि रोबोटिक्सच्या बैठकीला मात्र आपले लोक गाडी लावायला जागा मिळू नये इतके.

एकदा एक मेक्सिकन आई आली. दिवसभर काम करून आलेली, अंगावर हॉटेलचा गणवेश तसाच. तिनं धडा स्पॅनिशमध्ये मागितला. मुलीला घरी मी समजावून सांगेन, पण आधी मला वाचू द्या, म्हणाली. पुढच्या बैठकीच्या आत तो तयार झाला.

साहित्य बघायला मागणं हा पालकांचा हक्क आहे. ईमेलमध्ये अभ्यासक्रमाचं नाव, गर्भनिरोधकांचा धडा आहे की नाही, आणि शिकवायला बाहेरची संस्था येणार का, या तीन गोष्टी विचारा. डॅलसच्या ताई, तुमच्या डिस्ट्रिक्टची पुढची बैठक कधी आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर असेल. बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं का, तेही बघून ठेवा.