व्हेरोनाच्या जोडीला मांतोव्हा

इटलीतल्या व्हेरोनाला मुक्काम असेल तर जवळ अजून काय बघावं, असं एकांनी विचारलंय आणि बहुतेकांनी गार्दा सरोवर सुचवलंय. माझं मत मांतोव्हाला. रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास लागतो. गाव छोटं, तिन्ही बाजूंनी पाणी. ही तळी नैसर्गिक नाहीत. बाराव्या शतकात मिंचो नदी अडवून, संरक्षणासाठी केलेली आहेत. उन्हाळ्यात त्यांतल्या एकात चक्क कमळं फुलतात.

१३२८ पासून जवळजवळ चारशे वर्षं इथे गोंझागा घराण्याची सत्ता होती. त्यांच्या राजवाड्यातली एक खोली मांतेन्या या चित्रकाराने १४६५ ते १४७४ या काळात रंगवली. छताकडे बघाल तेव्हा वाटेल की तिथे गोल झरोका आहे, वर आकाश आहे, आणि कठड्यावरून माणसं आपल्याकडे वाकून बघताहेत. प्रत्यक्षात छत जवळपास सपाट आहे! ती खोली घाईत बघू नका, एवढी कळकळीची विनंती.

ऑपेराच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं संगीतकार मोंतेव्हेर्दीचं 'ऑर्फेओ' १६०७ मध्ये याच दरबारात झालं. पुढे पैशांच्या चणचणीत गोंझागांनी उत्तमोत्तम चित्रं इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकली आणि १६३० मध्ये पवित्र रोमन सम्राटाच्या सैन्याने शहर लुटलं. म्हणून राजवाड्यातल्या कित्येक भिंती रिकाम्या दिसतात. वाईट वाटतंच.

'पालाझ्झो ते' या गोंझागांच्याच दुसऱ्या प्रासादातलं राक्षसांचं दालनही बघाच. शाकाहारी असाल तर लाल भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली (पास्त्याचा एक प्रकार) मागवा, पण चीज चालतं का ते आधी ठरवा. आणि सोमवारी जाऊ नका, मांतेन्याच्या खोलीचा राजवाडा बंद असतो.