मासा खाली सोडायचं यंत्र कसं बनवायचं? अर्जंट मदत हवी आहे

लाखनी_वेल्डिंग: राजेहो, भावाले मासा खाली नेऊन सोडायचं यंत्र बनवून पाहिजे, रविवारी तो निघते. मोबाईलवर चित्र दाखोलं होतं पण आता तो चिचगडले मावशीकडे गेला, फोनच लागत नाही. मासा वर आला की फुगते अन् सोडला तरी उलटा तरंगते, एवढंच मले माहीत. दुकानात 8 एमएमचा रॉड पडून आहे, त्यात होईल का? माप टाका.

बांधावरचा: मासा पाण्यात सोडाले यंत्र कायले लागते बे? कोणता मासा, किती खोल, गोसीखुर्द धरण का इटियाडोह, काही तं सांग.

पवनीकर: उन्हाळ्यात असंच होते. जाळं उजाडायच्या आत काढा, पाणी तापलं का मासा तोंड वर करून मरते. माह्या तळ्यात दोन वर्षं भोगलं, मंग एरेटर लावला, पाण्यात हवा सोडते ते मशीन, आता टेन्शन नाही. कोणता एरेटर ते विचारा, सांगतो.

ढिवराचा_पोरगा: सुई टोचा पोटात. फुस्स करून हवा जाते, मासा खाली. विषय संपला.

झूलॉजीवाली: टोचू नका हो! तोंडातून फुग्यासारखं बाहेर येतं ते बहुतेक वेळा जठर असतं, लोक तेच फोडतात. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एक वातावरण, म्हणजे वरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो, म्हणून 30 मीटरवरून ओढलेल्या माशाच्या पोटातली हवा वर येईपर्यंत चौपट होते, डोळेसुद्धा बाहेर येतात. पण रोहू-कटल्याच्या हवेच्या पिशवीला घशाकडे जाणारी नळी असते, ते बुडबुडे सोडून मोकळे होतात. म्हणून विचारते, मासा कोणता?

लाखनी_वेल्डिंग: अरे धरण कोणी म्हटलं?? भाऊ अंदमानले बोटीवर कामाले आहे. गळ टाकणारे पाहुणे येतात, फोटो काढतात अन् सोडून देतात. गोब्रा का काय म्हणते तो मासा, इंग्रजीत ग्रूपर, 60 मीटर खोल.

बांधावरचा: हे पहिल्या ओळीत लिहायचं ना भाऊ, अर्धा दिवस खाल्ला. अन् गोब्रा कोणी सोडते का? रस्सा करा.

हर्णैचा_जावई: मी देवरीचाच, सासर हर्णैला. 60 मीटर म्हणजे हवा सातपट. दुधाचा क्रेट घ्या, उघडी बाजू खाली, वरून चार कोपऱ्यांना दोरी, कडेला एवढं वजन की क्रेट तिरपा न होता सरळ बुडाला पाहिजे. मासा तरंगत असतो तिथंच त्याच्यावर पालथा घालायचा अन् दोरी सोडायची. खाली दाबानं हवा आकसली का मासा आपोआप निघून जाते. दुसरं सोपं म्हणजे उलटा गळ: टोकाजवळचा उलटा काटा घासून काढलेला, दोरी गळाच्या वाकलेल्या भागाला, वजन भोकाच्या बाजूला. ओठात अडकवून खाली न्यायचा अन् झटका द्यायचा. पण साधा लोखंडी रॉड नको, खाऱ्या पाण्यात लगेच गंजते, 316 नंबरचं स्टेनलेस स्टील घ्या.

ढिवराचा_पोरगा: अमेरिकेत तर सुईच चालते, उगाच घाबरवू नका.

झूलॉजीवाली: मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेचा 2022 मध्ये नियम आला होता, बोटीवर सुई किंवा असं यंत्र, दोन्हीपैकी एक तयार ठेवायचं. पण अमेरिकेच्या आग्नेय अटलांटिक किनाऱ्याला 2020 पासून यंत्रच लागतं, किमान 16 औंस वजन अन् 60 फूट दोरी. सुईला हात बसलेला पाहिजे दादा, कुठं टोचायचं ते कळायला पाहिजे.

ढिवराचा_पोरगा: माह्या आज्याले कोणत्या कॉलेजात शिकोलं होतं?

लाखनी_वेल्डिंग: भांडू नका. 16 औंस म्हणजे किती किलो?

हर्णैचा_जावई: साडेचारशे ग्रॅमच्या वर. ते कमीत कमी हाय, क्रेटला त्याच्या कितीतरी पट लागन. अन् दोरी 60 मीटर मोजून घ्या, 60 फूट नाही!

लाखनी_वेल्डिंग: क्रेट दूधवाल्यानं दिला, वजनाले जुन्या तराजूचे माप बांधतो. 316 भंडाऱ्यात भेटते का पायतो. विमानात क्रेट घेतील ना?

पवनीकर: अंदमानले बोटीवर पगार किती देतात? पोरगा बारावी झाला माहा.