मिनीला दुसरे ट्विन एसयू कार्ब बसवले, आयडल खाली येतच नाही, मदत हवी आहे

मंडळी,

गाडी जुनी ऑस्टिन मिनी, १२७५ सीसीचं ए-सिरीज इंजिन, ट्विन एसयू (ब्रिटिश बनावटीचे दोन कार्ब्युरेटर) एचएस२ म्हणजे सव्वा इंची. आधीचे कार्ब पार गेले होते. स्पिंडल (थ्रॉटलच्या चकतीचा दांडा) बॉडीत इतकं सैल की बोटाने वरखाली केलं तर टकटक व्हायचं, आयडलला (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) तिथूनच हवा ओढायचं आणि मिक्श्चर आज बसवलं तर उद्या परत बोंब. बुश मारून घेणार होतो पण मधेच एक रीकंडिशन केलेली जोडी मिळाली, दिसायला एकदम चकाचक, स्पिंडल टाइट, म्हटलं चला हीच बसवू.

बसवताना घाई केलेली नाही. मॅनिफोल्डचे फेस स्टीलच्या पट्टीने तपासले, सरळ आहेत. इन्सुलेटर ब्लॉकच्या दोन्ही बाजूला नवीन गास्केट. जेट (पेट्रोल येतं ती नळी) वर पुलाशी (गळ्यातल्या उंचवट्याशी) सपाट करून मग नट बारा पाती खाली, म्हणजे दोन पूर्ण फेरे, पुस्तकात सांगतात तसं. कार्बचा पिस्टन (हवेच्या ओढीने वर जाणारा, खाली नीडल म्हणजे सुई असलेला) बोटाने उचलून सोडला की दोन्हीकडे स्वच्छ 'टक्' ऐकू येतं, त्यामुळे जेट सेंटरला आहेत असं धरून चालतोय. आणि कोणी विचारायच्या आधीच सांगतो, टॅपेट थंड इंजिनवर ०.३० मिमी, पॉइंट ०.३८, प्लग नवीन ०.६४, टायमिंग लाइट लावून बघितलंय. इग्निशन बघ रे आधी असं प्रत्येक जण सांगतो म्हणून तेच आधी उरकलं.

आता रडगाणं.

थंडीत चोकवर पहिल्या सेल्फला उठते, तक्रार नाही. गरम झाली, चोक पूर्ण आत ढकलला, की आयडल १५०० च्या खाली यायला तयार नाही. दोन्ही थ्रॉटल स्क्रू इतके मागे घेतले की टोक लिव्हरला टेकतसुद्धा नाही, तरी १५००. ॲक्सिलरेटर केबल काढून ठेवली, तेच. दोन कार्बांमधल्या लिंकेजचे क्लॅम्प सैल केले, तेच. फास्ट आयडलच्या (चोक ओढल्यावर वेग वाढवणाऱ्या) स्क्रूला आणि कॅमला मधे फट आहे, तो काही धरून ठेवत नाहीये. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून टोक बंद केलं, फार तर पन्नास-शंभरचा फरक.

रबरी नळीचं एक टोक कानाला आणि एक कार्बच्या तोंडाशी धरून ऐकलं तर क्लचकडचा कार्ब रेडिएटरकडच्यापेक्षा चांगलाच जोरात फुसफुसतो. स्क्रू दोन्हीचे सुटलेले असताना! गास्केटच्या आजूबाजूला आणि स्पिंडलच्या टोकांवर कार्ब क्लीनर मारला, इंजिनचा आवाज तसूभर बदलला नाही. आणि मला चक्रावणारी गोष्ट ही की पिस्टन उचलायची पिन हलकेच दाबून बघितली तर दोन्हीकडे मिक्श्चर बरोबर वाटतंय, आरपीएम किंचित वाढून लगेच जागेवर येतो. मग ही जास्तीची हवा येतेय कुठून?

बाकी दोन किरकोळ गोष्टी. रेडिएटरकडच्या फ्लोट चेंबरच्या ओव्हरफ्लो नळीतून अधूनमधून पेट्रोल टपकतं. आणि पटकन पाय दिला की गाडी एक क्षण श्वास रोखते आणि मग पळते. डॅशपॉट (पिस्टनवरची तेलाची नळकांडी) आले तेव्हा कोरडे होते, मी २० ग्रेडचं तेल घातलंय. पंप इलेक्ट्रिक आहे, नंतर कोणीतरी लावलेला, त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही.

ज्यांच्याकडून जोडी घेतली ते म्हणतात आमच्या बेंचवर सगळं ओके होतं. असेल. माझ्या गाडीवर नाहीये.

पाना१०

भाऊ, ते ट्विनचं झंझट सोडा, एकच एचआयएफ४४ लावून टाका. पावणेदोन इंची, फ्लोट चेंबर बुडाशीच, बॅलन्सिंगची कटकट नाही. मी लावला आणि विसरून गेलो.

धागाकर्ता

पानासाहेब, सल्ला मान्य आहे पण बॉनेट उघडल्यावर दोन कार्ब दिसले पाहिजेत हा हट्ट आहे, त्याला औषध नाही :)

टॅपेट_टकटक

क्रँककेस ब्रीदर (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी नळी) कुठे जोडलाय? काही एसयूंना बॉडीवरच ब्रीदरची नळी असते, ती उघडी राहिली तर हवा ओढतं. आणि मॅनिफोल्डवर जुना पीसीव्ही व्हॉल्व (ती वाफ इंजिनात परत सोडणारा) असेल तर त्याचा रबरी पडदा फाटला का बघ, फाटला की आयडल गगनाला. आणि मित्रा, गरम एक्झॉस्ट कार्बच्या बरोबर खाली आहे, स्प्रे मारताना हात आखडता ठेव आणि अग्निशामक जवळ ठेव.

धागाकर्ता

पीसीव्ही नाहीये. बॉडीवरच्या दोन्ही नळ्या वाय जोडून ब्रीदरला गेल्यात. आता दोन्ही चिमटून बघितल्या, आयडल तेवढंच. स्प्रेबद्दल बरोबर बोललास.

चोकपंत

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. ती पिनवाली गोष्ट तुम्हाला चक्रावतेय ना, तीच धरून पुढे या.

गास्केट, स्पिंडल, फाटकी नळी, कुठूनही फुकटची हवा आत आली तर ती जेटवरून जात नाही. म्हणजे पेट्रोल न घेता आत येते, मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, आणि पिन उचलली की इंजिन मरायला टेकतं. तुमचं तसं होत नाहीये. म्हणजे जी हवा जास्तीची येतेय ती इमानदारीत कार्बच्या तोंडातून, पिस्टनखालून, जेटवरून पेट्रोल घेऊनच येतेय. त्याचा अर्थ एकच, बटरफ्लाय (थ्रॉटलची चकती) पूर्ण बंद होत नाहीये, किंवा बंद होऊनसुद्धा त्यातून वाट आहे.

आता क्लचकडच्या कार्बचा डॅशपॉट आणि पिस्टन काढा (पिस्टन आडवा ठेवू नका, नीडल वाकते), थ्रॉटल उघडा आणि टॉर्च मारून बटरफ्लायच्या चकतीकडे बघा. चकती साधी सपाट आहे, की तिच्यात शर्टाच्या बटणाएवढा एक छोटा स्प्रिंगवाला व्हॉल्व बसवलाय?

तो असेल तर चोर सापडला. त्याला पॉपेट व्हॉल्व म्हणतात. प्रदूषणाचे नियम आले तेव्हाच्या गाड्यांवर तो आला. उतारावर पाय काढला की बटरफ्लाय बंद, इंजिन मात्र जोरात फिरतंय, मॅनिफोल्डमधे व्हॅक्यूम प्रचंड वाढतो आणि सिलिंडरमधलं मिश्रण धड जळत नाही. तेव्हा हा व्हॉल्व उघडून थोडं मिश्रण आत सोडतो. चांगली कल्पना, पण स्प्रिंग म्हातारी झाली की आयडलच्या व्हॅक्यूमलासुद्धा उघडाच राहतो. मग स्क्रू कितीही सोडा, तुमचं १५०० हलणार नाही.

धागाकर्ता

पंत, दंडवत!!

क्लचकडच्या चकतीत व्हॉल्व आहे. रेडिएटरकडची चकती साधी. नखाने दाबला तर व्हॉल्व एवढ्याशा जोराने उघडतो की स्प्रिंग आहे का नाही असं वाटावं. मी दोन्ही कार्ब बाहेरून निरखून बघितले होते पण एकाला व्हॉल्व आणि एकाला नाही असं असू शकेल हे डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

चोकपंत

एकाला आहे आणि एकाला नाही म्हणजे ही जोडी नाहीच, दोन वेगळ्या गाड्यांचे कार्ब घासूनपुसून शेजारी ठेवलेत. आता बाकीचंही तपासावं लागेल. दोन्ही नीडल काढा, वरच्या जाड भागावर अक्षरं कोरलेली असतात, भिंगाने वाचा. आणि पिस्टनच्या स्प्रिंगच्या टोकाला कोणता रंग लावलाय ते बघा. पिस्टन आणि त्याचा डॅशपॉट मात्र जोडीनेच ठेवा, ते एकमेकांना जुळवलेले असतात, अदलाबदल चालत नाही. नीडल आणि स्प्रिंग बदलल्या तर चालतं.

धागाकर्ता

रेडिएटरकडे नीडल एम, स्प्रिंग लाल. क्लचकडे एएन, स्प्रिंग निळी. काय बोलायचं आता.

चोकपंत

झालं तर मग. एम आणि लाल हा १२७५ कूपर एसचा सेट. एएन आणि निळी हा १२७५ च्या एमजी मिजेटचा. निळी अडीच औंसांची, लाल साडेचार औंसांची. म्हणजे तुम्ही पाय दिला की एक पिस्टन आधी उचलला जातो आणि दुसरा मागून येतो. आयडलला नळी लावून कितीही बॅलन्स करा, पाय दिल्यावर दोघांची तोंडं दोन दिशांना. श्वास रोखण्याचं बरंचसं कारण इथेच असणार. दोन्हीकडे एम आणि लाल करा. नीडल बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी बरोबर सपाट, आत नाही आणि बाहेरही नाही. नीडल बदलली की क्लचकडचा जेट परत सेंटर करावा लागेल, ती 'टक्' परत ऐका.

तेलाचं प्रमाण बघायला डॅम्पर (डॅशपॉटच्या टोपीला लावलेला, तेलात बुडणारा दांडा) घाला, टोपी आट्यांपासून साधारण ६ मिमी वर असतानाच हाताला विरोध लागायला हवा. २० ग्रेड बरोबर आहे. काही लोक जाड तेल घालून श्वास रोखणं दाबतात, पण त्याने दुखणं झाकलं जातं, जात नाही.

आणि मिजेटचा कार्ब आहे म्हटल्यावर फ्लोट चेंबरचा कोनही बघा. मॅनिफोल्डचा कल वेगळा असल्यामुळे चेंबर आणि बॉडीमधे कोन असलेला तुकडा असतो, तो त्या गाडीचा राहिला असेल तर मिनीवर चेंबर तिरका बसेल. गाडी सपाट जागी उभी करून शेजारून बघा, चेंबर ओळंब्यात उभा दिसला पाहिजे.

टॅपेट_टकटक

टपकण्याबद्दल मी सांगतो. एसयूला अडीच-तीन पीएसआय पेट्रोलचा दाब पुरेसा, त्याच्यावर गेलं की फ्लोटची सुई दाब धरत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लोतून बाहेर. तुझ्या त्या अनामिक पंपाला गेज लाव. प्रेशर ठीक निघालं तर झाकण उलटं धर, फ्लोटच्या लिव्हरखाली ३ मिमीची ड्रिल बिट आडवी सरकव, सुई बंद असताना ती जेमतेम बसली पाहिजे. आणि सुईच्या सीटमधे कचरा बघ, नव्या पाइपातून रबराचे बारीक तुकडे हमखास येतात.

धागाकर्ता

अपडेट. पंप जवळजवळ ५ पीएसआय देत होता. रेग्युलेटर लावून अडीचवर आणला, टपकणं थांबलं, फ्लोटला हातही लावला नाही. क्लचकडचा चेंबर खरंच तिरका होता, जुन्या कार्बवरचा तुकडा काढून लावला, आता सरळ.

पॉपेटचं काय करू? चकती नवीन मागवलीय पण तोपर्यंत व्हॉल्व झाळून टाकला तर चालेल का?

ग्रीसवाला

चालतं, मी केलंय. चकती बाहेर काढून झाळा, बॉडीत असताना नाही. पण एक सांगतो, चकतीचे ते दोन स्क्रू बघितलेत का? त्यांची टोकं चिरलेली असतात आणि बसवल्यावर फाकवतात, सुटून इंजिनात जाऊ नयेत म्हणून. ती फाकलेली टोकं आधी बारीक पक्कडीने दाबून जवळ आणा आणि मगच फिरवा, नाहीतर स्पिंडलचे आटे घेऊनच बाहेर येतील, मग नवीन स्पिंडल शोधत बसा.

धागाकर्ता

हे सांगितलंत ते फार बरं झालं, मी सरळ स्क्रूड्रायव्हर लावणार होतो.

झाळला आणि बसवला. आयडल गरम इंजिनवर सातशेपर्यंत खाली जातं, म्हणजे आता स्क्रू खरंच काहीतरी करतायत. आठशेवर ठेवलंय. दोन्हीकडची फुसफूसही नळीने सारखी ऐकू येते. पाय दिल्यावर अजून अडखळते, पण एएन आणि निळी स्प्रिंग तशीच आहे, एम आणि लाल यायची आहे. ज्यांच्याकडून घेतले त्यांना चकत्यांचे आणि स्प्रिंगांचे फोटो पाठवलेत, 'बघतो' असं उत्तर आलंय.

चोकपंत

नवीन चकती बसवाल तेव्हा स्क्रू आधी सैलच ठेवा, थ्रॉटल दोन-तीनदा फटकन बंद होऊ द्या म्हणजे चकती आपोआप मधोमध येते, बंद असतानाच स्क्रू आवळा, कार्ब उजेडाकडे धरून कडेने कुठे प्रकाशाची रेघ दिसते का बघा, आणि समाधान झाल्यावरच टोकं फाकवा. नवीन स्क्रूच वापरा, जुने परत फाकवताना तुटतात. लिंकेज आवळताना फीलर गेजची पाती मधे ठेवा, दोन्ही बटरफ्लाय आपापल्या स्क्रूवर पूर्ण टेकल्यानंतरच दांड्याने त्यांना उचललं पाहिजे. नीडल आल्या की प्लगचे फोटो टाका, एक-दोन आणि तीन-चार वेगवेगळे.