युरोपशी करार करायचा म्हणजे सही नेमकी कुणाची?

पालखेडकर (दिंडोरी)
नमस्कार मंडळी. माझी पावणेचार एकर द्राक्षबाग आहे, सगळी थॉमसन. माल निर्यातदाराच्या पॅकहाउसमधून रॉटरडॅमला जातो. यंदा, 2024 च्या हंगामात, तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून चाललेत. माल पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.
परवा पॅकहाउसवर गाडी खाली होईपर्यंत विषय निघाला. चिलीच्या द्राक्षाला तिकडे करारामुळे सवलत आणि आपल्याला जकात. मी म्हटलं, माल नेदरलँड्सला उतरतो, तर दिल्लीने सरळ नेदरलँड्सशीच करार का करू नये? एक जण म्हणाला, त्यांना तो अधिकारच नाही. दुसरा म्हणाला, 27 देशांच्या संसदा हो म्हणतील तेव्हाच काय ते होईल, आपल्या हयातीत नाही. खरं काय?

हिशोबनीस (पुणे)
दुसऱ्याचं बरोबर आहे. 2016 मध्ये कॅनडाचा युरोपशी व्यापार करार बेल्जियमच्या एका प्रांताने अडवून धरला होता. तिथे आपला काय पाड लागणार? आशा सोडा.

मिरजेची (सध्या नामूर, बेल्जियम)
पालखेडकर दादा, आशा मुळीच सोडू नका. हिशोबनीस म्हणतात ते घडलं हे खरं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मी इथे युरोपीय कायदाच शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
तो प्रांत म्हणजे वालोनिया. लोकसंख्या सुमारे 36 लाख, जवळजवळ आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढी. साँब्र नदी म्यूजला मिळते त्या संगमावर जुन्या धर्मार्थ रुग्णालयाच्या इमारतीत त्यांचं विधिमंडळ भरतं. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. ऑक्टोबर 2016 मध्ये रोज संध्याकाळी पुलावरून येताना तिथे वाहिन्यांच्या गाड्या दाटीवाटीने उभ्या दिसायच्या. 14 तारखेला वालोनियाचे तेव्हाचे मुख्यमंत्री पॉल मान्येत यांनी सभागृहात भाषण करून नकार दिला. कॅनडाच्या मंत्री क्रिस्टिया फ्रीलंड बोलणी सोडून गेल्या. शेवटी 30 ऑक्टोबरला सह्या झाल्या. त्या बदल्यात बेल्जियमने एक गोष्ट पदरात पाडून घेतली: करारातलं गुंतवणूक न्यायालय (गुंतवणूकदार आणि सरकार यांच्यातल्या तंट्यांसाठीचं) युरोपीय कायद्यात बसतं का, हे लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाला विचारायचं. 30 एप्रिल 2019 ला उत्तर आलं, बसतं.
पण वालोनियाला अडवता आलं कशामुळे? तो करार ‘मिश्र’ धरला होता म्हणून. म्हणजे युरोपीय संघाची सही आणि शिवाय प्रत्येक सदस्य देशाचीही. बेल्जियमच्या घटनेप्रमाणे केंद्राला अशी सही प्रांतांना विचारल्याशिवाय करता येत नाही.
आता तुमचा प्रश्न. नेदरलँड्स एकटं करार करू शकत नाही, हे शंभर टक्के. जकात संघ (म्हणजे सगळ्या सदस्य देशांची बाहेरच्या मालावर एकच जकात) आणि व्यापार धोरण हे विषय युरोपीय संघाच्या एकट्याच्या अधिकारात येतात. तुमच्या कंटेनरवरची जकात डच सरकार ठरवत नाही, फक्त वसूल करतं. चौथा हिस्सा वसुलीच्या खर्चापोटी ठेवतं आणि बाकी ब्रसेल्सला, संघाच्या तिजोरीत, भरतं.
आणि 27 संसदांचं म्हणाल, तर ते करारात काय काय आहे त्यावर ठरतं. सिंगापूरच्या कराराबद्दल न्यायालयाने 16 मे 2017 ला मत दिलं. जकात, सेवा, बौद्धिक संपदा, थेट गुंतवणूक, हे सगळं संघ एकटा करू शकतो. दोनच गोष्टी निघाल्या ज्यात सदस्य देशांचाही वाटा आहे: थेट नसलेली गुंतवणूक, म्हणजे शेअर वगैरे, आणि गुंतवणूकदाराने सरकारला लवादात खेचण्याची सोय. मग संघाने कराराचे सरळ दोन भाग केले. व्यापाराचा करार 21 नोव्हेंबर 2019 ला लागूसुद्धा झाला. गुंतवणुकीचा अजून देशोदेशींच्या संसदांमध्ये फिरतोय.
भारताशी 2007 मध्ये सुरू झालेली बोलणी 2013 मध्ये थांबली होती. जून 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक मानांकन अशी तीन वेगळी टेबलं मांडली. द्राक्षाची जकात पहिल्या टेबलावर. तिथे ठरलं तर संघाची मंत्री परिषद (सदस्य देशांच्या मंत्र्यांची) आणि युरोपीय संसद यांची मान्यता पुरे. नामूरला कुणी विचारणार नाही.

लॉ_थर्ड_इयर (नाशिक रोड)
ताई, संघाच्या कायद्यात एखाद्या विषयावर बाहेरच्यांशी करार करायचा अधिकार लिहिलेलाच नसेल तर?

मिरजेची
हा प्रश्न मला फार जवळचा आहे. ट्रकचालकांवरून सुटला तो. 1969 मध्ये सहा देशांच्या समुदायाने, म्हणजे आजच्या संघाच्या पूर्वरूपाने, चालकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचा आपला नियम केला. त्याच विषयावर जिनिव्हात मोठा आंतरराष्ट्रीय करार घाटत होता आणि तिथे सहाही देश आपापलं बोलायला निघाले. समुदायाचा कारभार पाहणाऱ्या आयोगाने मंत्री परिषदेवरच खटला भरला. 31 मार्च 1971 ला न्यायालय म्हणालं, घरात एकत्र नियम केलात की त्या नियमाला धक्का लागेल असा करार बाहेर कुणी एकट्याने करायचा नाही. जिनिव्हाची बोलणी त्या नियमाच्या आधीपासूनची असल्यामुळे आयोग तो खटला हरला, पण तत्त्व राहिलं. पुढे संघाच्या मूळ कायद्यात बदल करणाऱ्या लिस्बन करारात ते लेखी आलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कुपवाड एमआयडीसीच्या रस्त्यावर रात्री स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेले ड्रायव्हर आठवले.

पालखेडकर
ताई, छातीवरचं ओझं उतरलं. एकच विचारतो, करार झाला तर रेसिड्यूचं काय? मागं एकदा शेजाऱ्याचा अख्खा प्लॉट त्यात गेलाय.

मिरजेची
दादा, ते आधीच सांगायला हवं होतं. फवारणीच्या अंशाची मर्यादा हा संघाचा अंतर्गत नियम आहे, 2005 चा 396 क्रमांकाचा, सगळ्या 27 देशांत एकच. कराराने कमी होईल ती जकात, ही मर्यादा नाही. काढणीआधीचे दिवस मोजणं आणि नमुना तपासून घेणं आहे तसंच चालू ठेवा.