मदत हवी आहे: अॅक्युरसी ९६.६ टक्के आणि प्रिसिजन २०, असं होऊ शकतं का?

निशाचर:
नमस्कार मंडळी, आकडे वर दिलेत. दोन्हीचा अर्थ अचूकपणाच ना, मग एक एवढा वर आणि दुसरा तळाला कसा? सकाळपासून शोधतोय, जिथे बघावं तिथे वेगळीच व्याख्या. आज रात्री रिपोर्ट द्यायचाय, प्लीज लवकर सांगा.

मापाडी:
सोपंय. १ किलोचं वजन काट्यावर कितीही वेळा ठेवलं आणि दर वेळी ९५० ग्रॅमच दाखवलं तर प्रिसिजन उत्तम, अॅक्युरसी वाईट. उपकरण कोणतं ते सांगा, आणि आधी कॅलिब्रेशन करून घ्या.

खटपट्या:
मापाडी, तुम्ही ज्याला अॅक्युरसी म्हणताय त्याला आयएसओ ५७२५ या मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय मानकात १९९४ पासून ट्रूनेस म्हणतात, म्हणजे सरासरी खऱ्या मापाच्या किती जवळ. अॅक्युरसीत ट्रूनेस आणि प्रिसिजन दोन्ही धरतात. त्या हिशोबाने प्रिसिजन वाईट असताना अॅक्युरसी चांगली म्हणताच येणार नाही.

मापाडी:
लॅबमध्ये आम्ही सगळे असंच बोलतो, कुणाचं काही अडत नाही.

बिंदू:
प्रोग्रॅममध्ये दशांश आकड्यांसाठी फ्लोट वापरताय का? सिंगल प्रिसिजन ३२ बिटचं असतं, साधारण ७ आकडे धरतं. डबल घ्या, १५-१६ मिळतील.

निशाचर:
अहो काटा नाही, फ्लोट नाही, कंप्युटरला शिकवून बनवलेल्या मॉडेलचे टक्के आहेत!!

गणितवेडी:
कसलं मॉडेल? हो-नाही सांगणारं का? एकूण नमुने किती, त्यात खरे 'हो' किती, मॉडेलने किती जणांना 'हो' म्हटलं आणि त्यातले बरोबर किती, एवढं टाका, नाहीतर सगळे अंदाजच करत बसतील.

निशाचर:
हो तेच, खराब पार्ट ओळखायचेत. एकूण १०००, खरे खराब १०, मॉडेलने ४० खराब म्हटले, त्यातले ८ बरोबर.

गणितवेडी:
मग कोड बरोबर आहे. प्रिसिजन फक्त त्या ४० कडे बघतं, ४० पैकी ८ म्हणजे २० टक्के. अॅक्युरसीत सगळे १००० येतात, ८ बरोबर पकडले आणि ९५८ चांगल्यांना चांगलंच म्हटलं, झाले ९६६. चांगले पार्टच इतके आहेत की आकडा तेच वर नेतात. मॉडेलने डोळे मिटून सगळ्यांना 'चांगला' म्हटलं असतं तरी अॅक्युरसी ९९ आली असती आणि खराब एकही सापडला नसता! म्हणून रिपोर्टमध्ये रिकॉलही द्याच, १० पैकी ८ सापडले म्हणजे ८० टक्के.

खटपट्या:
त्यापेक्षा एफ१ द्या, प्रिसिजन आणि रिकॉल मिळून एकच आकडा, विषय संपला.

गणितवेडी:
नुसता एफ१ नको. इथे तो ०.३२ येतो, त्यावरून २ खराब सुटले आणि ३२ चांगले उगाच अडकले हे कुणाला कळणार?

मापाडी:
पार्ट मोजायला गेज कोणतं आहे? त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं?

निशाचर:
गेज नाही हो, फोटोवरून ओळखतो. गणितवेडी, खूप खूप आभार, सगळे आकडे टेबलात टाकतो. आता ते ३२ कमी करायला गेलो तर सुटलेले २ वाढतील का?

गणितवेडी:
बहुतेक वाढतील. थ्रेशोल्ड, म्हणजे किती खात्री झाली की मॉडेल 'खराब' म्हणतं ती मर्यादा, किती ठेवलाय?